पस्तीस मिनिटांवरचं गाव

दहाच्या ठोक्याला कंट्रोलरने फोन उचलला. हा फोन एकाच ठिकाणी लागतो: सीमेपलीकडच्या विमानतळाच्या टॉवरमध्ये. तिथवर विमानाने पस्तीस मिनिटं. पण दोन्ही देशांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, एकही विमान गेलेलं नाही. लाइन मात्र रोज तपासायची. नियमांच्या पुस्तकातलं ते कलम खोडायचं कुणाला सुचलेलंच नाही.

तीन वाक्यं बोलायची असतात. चौथं बोललं तर ते रेकॉर्डिंगवर सापडतं आणि लेखी खुलासा द्यावा लागतो. काल कंट्रोलर चौथं बोलला होता.

"तुमच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या सासूबाई आहेत. दुसरा मजला, खाट अकरा. कशा आहेत, एवढंच कळवा."

पलीकडच्याने लगेच फोन ठेवला होता.

हे सगळं बायकोमुळे. ती तिकडची. नऊ दिवस तिकडचे बाकीचे सगळे फोन बंद, आणि तिचा जीव टांगणीला लागलेला. "रोज बोलता ना त्या माणसाशी? मग मूग गिळून का बसता?" तिने परवा जेवताना विचारलं होतं.

"लाइन टेस्ट. ऐकू येतंय?" आज कंट्रोलरने विचारलं.

"येतंय. तुम्हाला?"

"स्पष्ट."

झालं. आता फोन ठेवायचा. दोघांनीही ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"मी काल ड्यूटी संपल्यावर जाऊन आलो," पलीकडचा हळू आवाजात म्हणाला. "खाट अकरावर आता दुसऱ्या बाई आहेत. तुमच्या सासूबाई मंगळवारी गेल्या. शेवटी जवळ नर्स होती. एकट्या नव्हत्या."

फोन ठेवल्याचा आवाज आला. सहा वर्षांत ज्याचा चेहराही पाहिला नाही, तो माणूस आपल्यासाठी दोन जिने चढला, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले, याचंच कंट्रोलरला आधी वाईट वाटलं. मग बाकीचं सगळं अंगावर आलं. सवयीने त्याने वही ओढली आणि लिहिलं: १०.०२. लाइन स्पष्ट.

मोबाइल वाजला. बायको.

"विचारलंत?"

खाली धावपट्टीच्या कडेचं गवत कुणी कापत नव्हतं. ते बघत तो म्हणाला, "आज लाइन लागली नाही."

"असू दे. ऐका ना, व्हिसा झाला. तिसऱ्या देशातून वळसा घालून जायचं, दोन विमानं, एकोणीस तास. लागू देत." कितीतरी दिवसांनी ती हसली. "उद्या लाइन लागली की त्याला एवढंच सांगा, आईला निरोप दे म्हणावं. मी निघाले."