सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

गिऱ्हाइकांची माहिती जपायचा नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून कपड्यांच्या दुकानात सल्लागार आला आणि कॉम्प्युटर बघून चक्रावलाच. “मालक, निम्मी बिलं एकाच फोन नंबरवर कशी?” “माझा आहे तो,” गल्ल्यावरची बाई म्हणाली. “ज्यांना द्यायचा नसतो, त्यांच्या बिलावर मी माझा टाकते. घरातून पळालेल्या एकीने सक्तीमुळे घरचाच नंबर दिला, आणि आपल्याच बिलाच्या मेसेजमुळे नवऱ्याला तिचा ठावठिकाणा कळला होता, विसरलात?” सल्लागार म्हणाला, “कायद्याने नंबरची सक्ती करताच येणार नाही.” मालकाचा पारा चढला. “कायदा पुढच्या महिन्यात. तोवर हिने खरे नंबर घ्यायचे, नाहीतर घरचा रस्ता धरायचा.” तेवढ्यात काउंटरवर कपडे ठेवत एक मुलगी पुटपुटली, “नंबर द्यायलाच हवा का?” बाईने खिशातला फोन काढून मालकापुढे ठेवला आणि कॉम्प्युटरवर मुलीच्या बिलात सावकाश स्वतःचा नंबर दाबला. फोन वाजला: ‘खरेदीबद्दल आभार. पुन्हा या.’