मनोऱ्याची मागची बाजू

"ही चित्रं तूच काढलीस?" जगदेवरावांनी विचारलं.

प्रांजलीने मान हलवली. वनमालाबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच थबकल्या. मुलगी पाहायला आलेल्या माणसाने मुलीकडे पाहावं, भिंतीकडे कशाला?

सिटी सेंटरमधल्या त्या फ्लॅटमध्ये तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. राघवने मुलगी मनाशी पसंत केलीच होती. त्याच्या वडिलांनी, जगदेवरावांनी, कूळ विचारलं, देवक विचारलं, दक्षिणेतलं, म्हणजे महाराष्ट्रातलं, मूळ गाव विचारलं. ग्वाल्हेरच्या मराठ्यांत त्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. वनमालाबाईंनी सगळं धडाधड सांगितलं. ते त्यांच्या दिवंगत यजमानांचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. प्रांजलीला मात्र त्यांनी लहानपणी मुरारच्या अनाथाश्रमातून आणलं होतं, तेवढंच सांगितलं नव्हतं. लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं लेकीलाही बजावलं होतं.

स्वतःच्या घराण्याबद्दल जगदेवराव फारसं बोलले नाहीत. जुने कागद आगीत गेले, म्हणाले. पोहे मात्र त्यांनी कण न कण टिपून खाल्ले. फौजी घराण्याची शिस्त असावी, असं वनमालाबाईंना वाटलं.

"किल्ला, तलाव, शेतं, सगळं छान आहे. पण प्रत्येक चित्रात हा चर्चचा मनोरा कशाला?"

"तो रस्ता चुकलेल्यांसाठी असतो, अंकल," प्रांजली म्हणाली. "लांबून दिसला की वाटतं, चलो, पुढे कोणीतरी आहे."

जगदेवरावांनी चष्मा चढवला. "हा मुरारचा. रस्त्यावरून त्याचं घड्याळ दिसतं. तुझ्या चित्रात घड्याळ नाही. ही मागची बाजू आहे, आणि मागे फक्त अनाथाश्रम आहे."

राघवने चमकून वडिलांकडे पाहिलं. इतकं चांगलं स्थळ एका चित्रापायी हातचं चाललं होतं. काहीतरी सारवासारव करावी म्हणून वनमालाबाईंनी तोंड उघडलं, पण प्रांजली आधी बोलली.

"हो. मी तिथलीच आहे."

जगदेवराव चित्राच्या आणखी जवळ गेले. मग त्यांनी मनोऱ्याच्या डावीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथलं चिंचेचं झाड काढायचं राहिलं," ते म्हणाले. "तिथं माझ्या खाटेवरून मनोऱ्याआधी तेच दिसायचं."