पाचवा मसुदा

सरकारनेच नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई पाचव्यांदा आरोग्य खात्याच्या त्याच कार्यालयात येऊन बसल्या होत्या. चाळिशीनंतर प्रत्येक बाईच्या स्तनांची तपासणी व्हावी, एवढाच समितीचा सल्ला. पण मंजुरी देणाऱ्या साहेबांना दर वेळी नवं खुसपट सापडायचं. या खेपेला काय, तर कागदाची मार्जिन कमी पडली.

"तीन वर्षं नुसता घोळ घालताय," त्या करवादल्या. "समिती नेमलीत ना? मग तिचं ऐका तरी."

"ऐकतोय की, मॅडम. फक्त मार्जिन तेवढी वाढवून आणा," साहेब फाइल मिटत म्हणाले.

धुसफुसत त्या बाहेर आल्या आणि आजवरचे सगळे मसुदे टाइप करणाऱ्या ताईंच्या टेबलावर त्यांनी कागद आपटले. ताईंनी ते नीट जुळवले.

"मॅडम, पान चारवर गाठीचं लिहिलंय ना, तशी मला दुसऱ्या मसुद्यापासून आहे."

"अहो, मग कुणाला दाखवली का नाही?"

ताईंनी पहिल्या पानावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. 'मंजुरी मिळेपर्यंत या सल्ल्याची कुणीही अंमलबजावणी करू नये.'

"हा शिक्का मीच मारते," त्या म्हणाल्या. "मग त्यावरचा हुकूम मीच कसा मोडायचा?"