बिबची मागची बाजू

"दुसऱ्याच्या बिबवर धावू नका. रस्त्यात पडलात, तर तुमच्या वतीने तो छातीवरचा नंबराचा कागदच बोलतो," सर सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे. ती हसली होती. "सर, कागदाला कुठे तोंड असतं!"

आज तिचा बिब नणंदेच्या छातीवर होता.

आणि ती स्वयंपाकघरात, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, समोर डब्याला टेकवलेला मोबाईल. बेचाळीस किलोमीटरसाठी नाव तिने सव्वा वर्षापूर्वी नोंदवलं होतं. पुढच्याच महिन्यात दिवस राहिल्याचं कळलं. "वहिनी, जागा फुकट जाईल हो. मी धावू?" नणंदेने विचारलं, तेव्हा नाही म्हणायला कारणच सापडलं नाही. धावायला तिला वहिनीनेच शिकवलं होतं, बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून.

दर पाच किलोमीटरला रस्त्यावर एक पट्टी अंथरलेली असते. बिबला चिकटवलेली चिप तिच्यावरून गेली की मोबाईलवर नाव पुढे सरकतं. नाव तिचं, पाय नणंदेचे. तिसावा किलोमीटर सव्वाआठला. तिची स्वतःची आजवरची सर्वांत चांगली वेळ याहून वीस मिनिटं मागे होती.

धावणाऱ्यांच्या ग्रुपवर कौतुकाला ऊत आला होता. "बाळंतीण आहे का हरिणी?" "अगं, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेव!" वाचून तिचे कान तापले. उत्तर देता येत नव्हतं. ती धावत होती ना.

"कुठवर पोचली?" वाटाणे सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं.

"तीस झाले."

"दमायची नाही. पाय माझ्यावर गेलेत तिचे." दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "तुला जास्त वेळ लागायचा, नाही?"

"थोडा."

"असू दे गं. ज्याची त्याची धाव आपापल्या कुंपणापर्यंत."

पस्तिसाव्या पट्टीची अंदाजे वेळ मोबाईल दाखवत होता: आठ बेचाळीस. बेचाळीस झाली, नाव हललं नाही. पावणेनऊ झाले. नऊला दहा कमी. पोटऱ्या धरल्या असतील, तिच्या मनात आलं. धरू देत जरा. तिने कप तोंडाला लावला. सकाळपासून पहिल्यांदाच चहाला चव आली.

नऊला ग्रुपमधल्या एका बँकवालीने पस्तिसावी पट्टी ओलांडली. तिसाव्याला ती नणंदेच्या चांगली दहा मिनिटं मागे होती.

चहा तसाच राहिला.

बिबच्या मागे एक चौकोन छापलेला असतो. रक्तगट, घरच्यांचा फोन, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. तो तिने बिब हातात आला त्याच दिवशी आपल्या वळणदार अक्षरात भरून टाकला होता. फोन नवऱ्याचा, तो कारखान्यात पहिल्या पाळीला, मोबाईल लॉकरमध्ये. ॲलर्जी: नाही.

नणंदेला होती. दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या एका वेदनाशामक गोळीने गेल्या वर्षी तिचा गळा सुजला होता, चार दिवस ऑक्सिजनवर होती. आणि शर्यतीच्या तंबूत पोटऱ्या धरून आलेल्याला सगळ्यात आधी देतात ती वेदनाशामकच. शुद्धीत असेल तर सांगेल ती. शुद्धीत असेल तर.

काल संध्याकाळी पोरीने विचारलंही होतं, "वहिनी, मागचं खोडून माझं लिहू का?"

"राहू दे. खाडाखोड दिसली तर पकडतील."

कोणी पकडत नाही. मागची बाजू कोणी बघतही नाही. तेवढं तरी आपलं राहावं, एवढंच कारण होतं.

तिने आयोजकांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. नणंदेचा मोबाईल शर्यत सुरू होण्याआधीच पिशवीत जमा झालेला.

"थांबली का काय गं?" सासूबाईंचा हात शेंगेवर थबकला.

"बघते."

ग्रुपवरची निम्मी माणसं आज पळत नव्हती, रस्त्यात पाण्याच्या टेबलांपाशी उभी होती. ती टाइप करू लागली: "कोणी २४१७ ला पाहिलंत का?" वाचलं आणि पुसलं. खरं लिहिलं तर दोघींवर दोन वर्षांची बंदी, सरांसमोर खाली मान, आणि सकाळपासूनचं सगळं कौतुक उलटं अंगावर. वरती नवा मेसेज आला, "दम खातेस काय राणी? ऊठ!"

बाळाने तिचं मनगट दोन्ही मुठींत धरलं. तिने दुसऱ्या हाताने लिहिलं, आणि या वेळी वाचून न बघता पाठवलं.

"मी घरी आहे. २४१७ नंबर माझा, पण धावतेय माझी नणंद. तिसाव्यानंतर दिसलेली नाही. तुमच्यापैकी पस्तिसाव्याच्या अलीकडे कोणी उभं असेल, तर पाण्याचं टेबल सोडा आणि मागे चालत जाऊन तिला बघा. तंबूतही बघा. वेदनाशामक गोळी, इंजेक्शन काहीही देऊ देऊ नका. बिबच्या मागे लिहिलंय ते माझं आहे, तिचं नाही. आणि माझ्या नावाने हाक मारू नका, ती वळून बघायची नाही. वहिनीने पाठवलंय म्हणा."