गाडी बदलून पाहिजे

लग्न ठरवताना सौंदर्याच्या सासऱ्यांनी गाडी मागितली होती, तीही कंपनीचं नाव घेऊन. तेव्हा ती विलायती गाडी कोल्हापुरात मोजक्यांच्याच दारात होती. चार वर्षांत कंपनीचे दिवस फिरले. इथल्या शोरूमला टाळं लागलं, साध्या आरशासाठी पुणं गाठावं लागू लागलं, आणि गाडीला टेकून फोटो काढणारे आता तिच्याकडं ढुंकूनही बघेनात.

रविवारी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी गाडीची चेष्टा केली. सासरे वाढणाऱ्या सुनेला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, ह्या गाडीला आता कोण इचारत न्हाय. दुसऱ्या कंपनीची द्या म्हणावं."

"पांढरी सांग," भात कालवत तिचा नवरा राजशेखर म्हणाला.

सौंदर्यानं आमटीचं भांडं तिथंच ठेवलं, गाडीची किल्ली उचलली आणि थेट माहेरी, नेसरीला आली. दारातच तिनं वडिलांना, भरमाप्पांना, सगळं सांगितलं. रागानं तिचा आवाज चिरकत होता. भरमाप्पा खाली बघत ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "बरं. कुठल्या कंपनीची पायजे म्हणाले?"

सौंदर्या घरात गेलीच नाही. गाडी वळवून ती पोलीस ठाण्यात गेली. हुंडा मागितला म्हणून सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं नाव लिहून घेऊन हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "देणाऱ्याचंबी नाव लिवा. भरमाप्पा, राहणार नेसरी."