बारशाचं पाणी

भाचीचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी दिगंबर सोमणांनी उत्तर दिलं नव्हतं. "मामा, बाळाच्या वाट्याला अजून दोन लिटर कमी पडतात," एवढंच शलाकानं लिहिलं होतं. शहराचं पाणी कधीच वाटून संपलं होतं. नव्या बाळासाठी नातेवाइकांनी आपल्या रोजच्या हिश्श्यातलं पाणी लेखी सोडायचं आणि वाटा पुरा झाला की मगच बारसं करायचं, अशी रीत पडली होती.

शेवटी बाळाची आजी, म्हणजे दिगंबररावांची बहीण मालू, स्वतःच येऊन धडकली.

"दादा, पोरीला अजून नाव नाही. नुसतं 'बाळ, बाळ' करतोय आम्ही."

"मालू, आजोबांच्या वेळी आपण बारा जण होतो. मग तीस झालो, आता ऐंशी. धरण तेवढंच आहे. पुढच्या बाळाला कुठून देणार?"

"तुझं गणित तिला बाटलीतून पाजू का?"

मालू चपला घालता घालता म्हणाली, "आणि हो, आमच्या धाकट्या केदारच्या बायकोला जुळं आहे म्हणे."

ती गेल्यावर त्यांनी उत्तरादाखल लिहून ठेवलेली सहा पानं पुन्हा वाचली. एकही आकडा चुकला नव्हता, आणि त्याचाच त्यांना संताप आला. पानं फाडून त्यांनी कार्डावर 'दोन लिटर सोडले' एवढंच लिहिलं, सही केली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते जवळजवळ फेकलंच.