निजेला धोंडा

वामनरावांनी पलंगाच्या फळीवर बोटाची गाठ आपटली. टक टक. तशी पलीकडे स्टुलावर बसलेली त्यांची बायको, रुखमाबाई, ताडकन उठून उभी राहिली.

“काय झालं मावशी? पाणी पायजे का?” दुकानदार प्रेमानंदने विचारलं.

ती नुसतीच मान हलवून ओशाळी होऊन पुन्हा बसली.

वामनराव पुढच्या पलंगाकडे वळले. चिखलीतली दोन दुकानं त्यांनी सकाळपासून नापास केली होती, हे तिसरं. टरबूज असो, माठ असो की दुसऱ्याच्या घराची भिंत, वाजवून पाहिल्याशिवाय या गृहस्थांना जगात काही कळत नसे. आणि वाजवून जे काय कळे, ते त्यांच्या अख्ख्या अमडापूर गावाला ऐकावं लागे. सरपंचकीला दोनदा पडूनही तोरा तसूभर उतरला नव्हता. कंबर मात्र धरली होती. डॉक्टरने सांगितलं, गादी बदलू नका, गादीखालचा आधार बदला, फळी मधोमध खचली आहे. ती कुणाच्या पोटाने खचली, हे डॉक्टर भिडेपोटी बोलला नाही.

“याले प्लाय म्हंतेत का? पापड हाय हा, पापड!” टक टक. रुखमाबाई उठली आणि परत बसली. तिला स्वतःच्याच गुडघ्यांचा राग आला.

गुडघ्यांचा तरी काय दोष! वामनरावांच्या घराण्यात बायकोला हाक मारणं बायलेपणाचं समजत. नाव तर सोडाच, ‘अगं’सुद्धा नाही. ते पलंगावर झोपत आणि ती पलंगाच्या पायथ्याशी, सतरंजीवर. रात्री तहान लागली की ते पडल्या पडल्या फळी वाजवत. पाय चेपायचे असले, पंखा कमी करायचा असला, उशी खाली पडली, की वाजलीच फळी. लग्न होऊन घरात आल्यापासून रुखमाबाईला सलग झोप कशी ती माहीत नव्हती. एकदा उंद्रीला बहिणीकडच्या लग्नाला गेली, तर पहाटे कुणीतरी मांडवात खुंटी ठोकली आणि ही झोपेतच पाण्याचा तांब्या शोधत सुटली. बायका पोट धरून हसल्या. तीही हसली, पण तेव्हापासून नवऱ्याकडे पाहिलं की तिच्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

गादीही तिने एकदा मागून पाहिली होती. “भुकेले कोंडा अन् निजेले धोंडा,” वामनराव म्हणाले होते. “ज्याले झोप येते, त्याले गादी लागत नाही.” तेच वामनराव आता स्वतःच्या निजेसाठी सगळी चिखली पालथी घालत होते.

शेवटी प्रेमानंदने आतला एक पलंग दाखवला. खाली जवळजवळ बसवलेल्या जाड लाकडी पट्ट्या. डोक्याशी आणि चारी कडांना फोम घालून वरून रेक्झिन लावलेलं.

“काका, या पट्ट्या वजन वाटून घेतात. कंबर मधी खचत नाही. निजून तं पाहा.”

“पलंग हाय का सोफा हाय बे हा?” असं म्हणून वामनराव चपलांसकट आडवे झाले. ज्याला नावं ठेवली, त्याच्यावरच घोरायला लागायला त्यांना काही फार वेळ लागला नाही. तोंड उघडं, पोट वरखाली, सदऱ्याचं एक बटण तुटायच्या बेताला. गिऱ्हाइकं वळून वळून बघायला लागली. रुखमाबाईला लाज वाटायला हवी होती, पण तिला किळस आली. या माणसासाठी आपण जन्मभर उठत राहिलो!

तेवढ्यात झोपेतच वामनरावांचा हात सरकत कडेला आला आणि सवयीने त्यांनी बोटाची गाठ आपटली. रुखमाबाईचे गुडघे ताठ झाले. पण आवाज आलाच नाही. हात पुन्हा आपटला, या वेळी जोरात. बोट रेक्झिनमध्ये रुतलं आणि वर आलं. हात थोडा चाचपडला, मग वामनराव कूस बदलून परत घोरू लागले. रुखमाबाई बसूनच राहिली. गुडघे हळूहळू सैल पडले.

जागे झाल्यावर वामनरावांनी मिशी सारखी केली आणि पलंगाची कड वाजवून पाहिली. “ह्यात काही दम नाही. वाजतच नाही हा. तो सागवानी बांध, पहिला वाजवला तो. कसा खणखणीत बोलते!”

तो खणखणीत पलंग आता रुखमाबाई मरेपर्यंत बोलणार होता.

“हाच घ्या,” ती म्हणाली.

स्टूलच बोललं की काय, अशा नजरेने वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. “तुले काय समजते पलंगातलं? गाढवाले गुळाची चव काय!”

“मले पलंगातलं नाही समजत. पण तुमी त्याच्यावर घोरून राह्यले होते, ते साऱ्या दुकानानं ऐकलं. इचारा कोणालेही.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरंही कुणी हसलं. चार लोकांत झालेलं हसू वामनरावांना निवडणुकीपासून सोसत नसे.

“बांध बे हाच, अन् मोकळं कर,” ते प्रेमानंदवर खेकसले. दारापर्यंत गेले, थबकले, मागे आले. पलंगाच्या कडेवर त्यांनी पुन्हा एकदा बोट आपटून पाहिलं. आता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

“पण रात्री मले पाणी लागलं तं?”

रुखमाबाई स्टुलावर नीट सावरून बसली.

“तुमी उठजा.”